समान फी, अर्धा पगार : ल्युक्रेशिया मॉट यांच्याविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकातील टिपणात ल्युक्रेशिया मॉट या अमेरिकन क्वेकर स्त्रीची ओळख करून दिली होती. गुलामगिरीविरुद्ध आणि स्त्रियांच्या शिक्षणासाठी व समान हक्कांसाठी अर्धशतक झटलेल्या या बाईंविषयी ठाणे आणि नवी मुंबईतील वाचकांनी बरेच प्रश्न पाठवले. त्यांतील पाच येथे घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली असून पत्रलेखकांची नावे न देता केवळ ठिकाणे दिली आहेत.

प्रश्न : माझी नात पाचवीत आहे. तीन जानेवारीला सावित्रीबाई फुले यांच्या जयंतीनिमित्त तिच्या शाळेत भाषणे असतात. आपल्या टिपणात ल्युक्रेशिया मॉट यांची जन्मतारीखही तीन जानेवारीच दिली होती. ही छपाईची चूक नाही ना? नसल्यास, दोघींना एकमेकींच्या कार्यापासून प्रेरणा मिळाली, असे नातीने भाषणात म्हटले तर चालेल का? (निवृत्त शिक्षिका, नौपाडा, ठाणे)

उत्तर : छपाईची चूक नाही. ल्युक्रेशिया कॉफिन (मॉट हे सासरचे आडनाव) यांचा जन्म ३ जानेवारी १७९३ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील नॅन्टकेट बेटावर झाला आणि सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे झाला. योगायोग तारखेपाशीच थांबत नाही. १८४८ या एकाच वर्षी फुले दांपत्याने पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली, आणि त्याच वर्षीच्या जुलैत न्यूयॉर्क राज्यातील सेनेका फॉल्स या लहानशा गावी स्त्रियांच्या हक्कांसाठी परिषद भरली, जिच्यातील सर्वांत नामवंत वक्त्या मॉट होत्या.

तरीही नातीने ते वाक्य म्हणू नये. योगायोग वेगळा आणि संबंध वेगळा. जोतीरावांसमोर नमुना होता तो अहमदनगरला मिस फरार चालवत असलेल्या मुलींच्या शाळेचा. त्या अमेरिकन होत्या हे खरे, पण मिशनच्या होत्या, क्वेकर नव्हत्या. खरा आणि सांगण्याजोगा दुवा निराळाच आहे. जोतीरावांनी १८७३ साली प्रसिद्ध केलेले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करण्याच्या कामी औदार्य, निरपेक्षता आणि परोपकारबुद्धी दाखवणाऱ्या तेथील सदाचारी लोकांना अर्पण केलेले आहे. अर्पणपत्रिकेत कोणा व्यक्तीचे नाव नाही. परंतु ज्या लोकांना ती उद्देशून आहे, त्यांत मॉट यांची गणना पहिल्या रांगेत करावी लागेल. डिसेंबर १८३३ मध्ये फिलाडेल्फियात गुलामगिरीविरोधी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली, तेव्हा त्या सभेला उपस्थित राहून बोलण्याची मुभा स्त्रियांना मिळाली, पण घोषणापत्रावर सही करण्याचे निमंत्रण त्यांना कोणी दिले नाही. काही दिवसांतच मॉट आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी स्वतःची वेगळी संस्था काढली आणि तिच्यात गोऱ्या व काळ्या स्त्रिया एकत्र बसल्या. नातीच्या भाषणात एवढे एक वाक्य आले तरी ते ‘प्रेरणा’ या गुळगुळीत शब्दापेक्षा अधिक वजनदार ठरेल, आणि एखाद्या परीक्षकाने आधार विचारला तर तिला अडखळावे लागणार नाही.

प्रश्न : ‘क्वेकर’ म्हटले की आमच्या घरी ओट्सच्या डब्यावरचे टोपीवाले आजोबा आठवतात. मॉट त्यांच्याच घराण्यातील का? क्वेकर हा धर्म आहे, पंथ आहे की आडनाव? (वाशी, नवी मुंबई)

उत्तर : ओट्सवाल्यांनी केवळ नाव आणि पोशाख उसना घेतला. १८७७ साली ती व्यापारी खूण नोंदवली गेली, तेव्हा प्रामाणिकपणाविषयी क्वेकरांचा लौकिक मोठा होता आणि तो मालाला चिकटावा एवढाच हेतू होता. पंथाचा त्या कंपनीशी संबंध नाही.

क्वेकर हा ख्रिस्ती धर्मातील एक पंथ आहे. सतराव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्स यांच्या उपदेशातून तो उभा राहिला. हे लोक स्वतःला ‘फ्रेंड्स’, म्हणजे मित्र, म्हणवतात. ‘क्वेकर’, म्हणजे थरथरणारे, हे इतरांनी हिणवून ठेवलेले नाव पुढे त्यांनीच निमूटपणे स्वीकारले. प्रत्येक माणसाच्या अंतरी ईश्वरी प्रकाश आहे, ही त्यांची मूळ श्रद्धा. त्यामुळे जुन्या पद्धतीच्या क्वेकर उपासनेत पुरोहित नसतो, वेदी नसते, ठरलेली प्रार्थनाही नसते. सगळे शांत बसतात आणि ज्याला वा जिला आतून बोलावेसे वाटेल, तो वा ती उभी राहून बोलते. या ‘वा जिला’मध्येच पुढचे सगळे आले. अन्य चर्चमध्ये स्त्रीने तोंड उघडणे हा अधर्म समजला जात असताना क्वेकर स्त्रिया दीडशे वर्षे उपदेश करत होत्या आणि मॉट यांनाही १८२१ साली त्यांच्या सभेने धर्मोपदेशक म्हणून रीतसर मान्यता दिली. या कामाला मानधन नसे.

भाषेतही हे लोक हट्टी होते. त्या काळच्या इंग्रजीत थोरामोठ्यांना आदरार्थी आणि गड्या-नोकरांना एकेरी संबोधन असे. क्वेकर सर्वांनाच एकेरीत बोलत आणि न्यायाधीशासमोरही टोपी काढत नसत. पेशवाईत एखाद्याने श्रीमंतांना आणि पाणक्याला सारखेच ‘तू’ म्हटले असते तर काय झाले असते, याची कल्पना केली म्हणजे सुरुवातीच्या क्वेकरांना तुरुंगात का जावे लागले, ते कळते. या सदरात आम्ही मॉट यांचा उल्लेख आदरार्थी बहुवचनाने करतो, तो त्यांना रुचला नसता. पण मराठीत दुसरे काही लिहिण्यास हात धजावत नाही.

प्रश्न : मी एका खासगी शिकवणीवर्गात गणित शिकवते. तेवढेच तास, तोच विषय शिकवणाऱ्या पुरुष सहकाऱ्याला माझ्याहून अधिक पगार आहे, आणि विचारले असता, त्यांना घर चालवायचे असते, असे उत्तर मिळाले. मॉट यांच्या आयुष्यात समान पगाराचा प्रसंग आला होता, असा एक ओझरता उल्लेख आपल्या टिपणात होता. तो सविस्तर सांगाल का? त्यांनी त्यावर नेमके काय केले? (कोपरखैरणे, नवी मुंबई)

उत्तर : टिपणात जागेअभावी ही गोष्ट एका ओळीत उरकावी लागली, आणि तेच आम्हालाही खटकत होते, कारण आमच्या मते मॉट यांच्या साऱ्या विचाराचे बीज याच प्रसंगात आहे.

प्रथम नॅन्टकेटविषयी सांगायला हवे. हे देवमाशांच्या शिकारीवर जगणारे बेट होते. पुरुष जहाजावर गेले की महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे परतत नसत, आणि मागे घर, देणेघेणे, दुकान सारे बायका पाहत. घरधनी मुंबईला चाकरमानी आणि शेत, सावकार, पोरेबाळे यांचा भार गावातल्या बाईवर, हे चित्र कोकणातून ठाण्या-मुंबईला आलेल्या कुटुंबांना नवे नाही. ल्युक्रेशिया यांचे वडील थॉमस कॉफिन जहाजाचे कप्तान होते आणि आई ॲना दुकान चालवत असे. बाईला व्यवहार कळतो, हे या मुलीला कोणी वेगळे शिकवावे लागले नाही.

तेराव्या वर्षी तिला न्यूयॉर्क राज्यातील डचेस काउंटीत, क्वेकरांच्या नाइन पार्टनर्स या निवासी शाळेत पाठवण्यात आले. तेथे मुलगे आणि मुली दोघेही शिकत, पण त्यांचे विभाग वेगळे होते आणि एकमेकांच्या बाजूला जाण्यास मनाई होती. शिक्षा म्हणून कोंडून ठेवलेल्या एका मुलाला ल्युक्रेशिया आणि तिच्या बहिणीने मनाई मोडून, दाराच्या फटीतून लोणी लावलेला पाव पोचवला, अशी एक आठवण सांगितली जाते. शिक्षण पुरे होताच ती त्याच शाळेत साहाय्यक शिक्षिका झाली, आणि तेथे तिच्या लक्षात एक हिशेब आला. मुलींच्या शिक्षणासाठी शाळा मुलांइतकीच फी घेत होती; परंतु त्याच मुली शिक्षिका झाल्या की त्यांना पुरुषांच्या निम्माच पगार मिळत होता. मॉट यांनी पुढे आपल्या आठवणींत लिहिले की हा अन्याय इतका उघड होता की निःपक्षपाती विधात्याने जे जे दिले आहे, ते सर्व आपल्या स्त्रीजातीसाठी मागून घ्यायचे, असा निश्चय त्यांनी तेव्हाच केला.

या प्रसंगात अश्रू नाहीत, अत्याचार नाही. आहे ती केवळ जमा-खर्चाची वही. आमच्याकडे एकोणिसाव्या शतकात स्त्रीशिक्षणाची बाजू मांडणाऱ्या अनेक सुधारकांचे म्हणणे असे असे की शिकलेली स्त्री उत्तम माता होईल आणि पतीला अनुरूप सहचारिणी होईल. हा युक्तिवाद त्या काळी उपयोगी पडला, हे मान्य केले पाहिजे. पण त्यात शिक्षणाचा लाभ सतत दुसऱ्या कोणाच्या तरी खात्यावर जमा होतो. मॉट स्वतः सहा मुलांच्या आई होत्या, संसारदक्ष होत्या, आणि तरीही त्यांनी या युक्तिवादावर भिस्त ठेवली नाही. डिसेंबर १८४९ मध्ये फिलाडेल्फियात त्यांनी स्त्री या विषयावर एक व्याख्यान दिले. समान हक्क मागणाऱ्या स्त्रियांची खिल्ली उडवणारे एका साहित्यिकाचे व्याख्यान शहरात नुकतेच गाजले होते, त्याला ते उत्तर होते. स्त्री कृपा म्हणून काहीही मागत नाही, हक्क म्हणून मागते, आणि तिला नैतिक दृष्ट्या जबाबदार व्यक्ती मानले जावे एवढीच तिची अपेक्षा आहे, असे त्यांनी त्यात सांगितले. स्त्रिया दुबळ्या दिसतात, त्या निसर्गतः तशा नसून त्यांना शिक्षण आणि संधी नाकारल्यामुळे तशा झाल्या आहेत, हा त्यांचा दुसरा मुद्दा होता.

त्यांनी नेमके काय केले, हा आपला थेट प्रश्न आहे. सेनेका फॉल्स परिषदेच्या अखेरच्या सत्रात त्यांनी स्वतः एक ठराव मांडला : धर्मपीठावरील पुरुषांची मक्तेदारी मोडावी आणि निरनिराळे धंदे, व्यवसाय व व्यापार यांत स्त्रियांना पुरुषांबरोबरीने वाव मिळावा. तो मंजूर झाला. पुढे १८६४ साली क्वेकरांनी फिलाडेल्फियाजवळ स्वार्थमोर महाविद्यालय स्थापन केले, तेव्हा संस्थापकांत ल्युक्रेशिया आणि त्यांचे पती जेम्स हे दोघेही होते, आणि मुलगे व मुली यांनी एकत्र शिकावे, हे तेथे पहिल्या दिवसापासून ठरलेले होते. १८६९ साली महाविद्यालय उघडले तेव्हा जेम्स हयात नव्हते. उद्घाटनाच्या वेळी सत्तरी ओलांडलेल्या ल्युक्रेशिया यांनी आवारात ओकची झाडे लावली.

आपल्या पगाराविषयी : समान कामाला स्त्री-पुरुषांना समान वेतन, हे तत्त्व आपल्या संविधानाच्या अनुच्छेद ३९ मध्ये आहे, १९७६ साली त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला आणि पुढे २०१९ च्या वेतन संहितेत ते तत्त्व आले. ‘घर चालवायचे असते’ ही सबब कायद्याला ठाऊक नाही. चालकांशी बोलताना भावनेपेक्षा तासांचा आणि पगाराचा तक्ता पुढे ठेवावा, असे आम्ही सुचवू.

प्रश्न : क्वेकरांमध्ये स्त्री-पुरुष समानता आधीच होती, तर मग मॉट यांचा झगडा कोणाशी होता? आणि त्यांनी स्त्रियांच्या मताधिकाराला विरोध केला होता, असे एका ठिकाणी वाचनात आले. ते खरे आहे का? (महाविद्यालयीन विद्यार्थी, कळवा)

उत्तर : झगडा बाहेरच्यांशी होता, तितकाच घरच्यांशीही होता. क्वेकरांनी १६८८ सालीच पेनसिल्वेनियातील जर्मनटाउन येथून गुलामगिरीविरुद्ध लेखी निषेध नोंदवला होता आणि १७७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने गुलाम बाळगणाऱ्याला सभासद राहण्यास बंदी केली, हे भूषणावह आहेच. पण त्याच शहरातील क्वेकर सभागृहांत काळ्या उपासकांसाठी वेगळे बाक असत, हेही तितकेच खरे. १८२७ मध्ये पंथात फूट पडली. मॉट या क्वेकर उपदेशक एलियास हिक्स यांच्या अनुयायांकडे राहिल्या, आणि तेथेही काही ज्येष्ठांना त्यांचे सार्वजनिक सभांत बोलणे सहन होईना, त्यांना पंथाबाहेर काढण्याचे प्रयत्न झाले. सत्यालाच अधिकार मानावे, अधिकाऱ्याच्या शब्दाला सत्य मानू नये, हे त्यांचे आवडते वचन होते. ‘सत्यशोधक’ हा शब्द ज्या प्रदेशात रुजला, तेथील वाचकाला त्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

बाहेरचा विरोध अधिक उघड होता. मे १८३८ मध्ये सुधारकांनी बांधलेले पेनसिल्वेनिया हॉल हे भव्य सभागृह उघडल्यानंतर चौथ्याच दिवशी जमावाने जाळले. तेथे स्त्रियांची गुलामगिरीविरोधी परिषद भरली होती आणि गोऱ्या व काळ्या स्त्रिया हातात हात घालून बाहेर पडल्या होत्या. जमाव तेथून मॉट यांच्या घराकडे निघाला, तो एका हितचिंतकाने दुसऱ्या रस्त्याला वळवला म्हणून घर वाचले. दोन वर्षांनी, जून १८४० मध्ये, लंडनच्या जागतिक गुलामगिरीविरोधी परिषदेला त्या रीतसर निवडलेल्या प्रतिनिधी म्हणून गेल्या. तेथे स्त्री प्रतिनिधींना सभागृहात स्थान द्यायचे नाही, असे ठरले आणि त्यांना बाजूला, प्रेक्षकांत बसावे लागले. विल्यम लॉइड गॅरिसन हे नामांकित सुधारक उशिरा पोचले आणि निषेध म्हणून स्त्रियांमध्येच जाऊन बसले. गुलामांना मुक्त करायला जमलेली मंडळी आपल्याच सहकारी स्त्रियांना बोलू देत नव्हती! याच परिषदेत मॉट यांची एलिझाबेथ केडी स्टँटन या तरुण स्त्रीशी ओळख झाली आणि आठ वर्षांनी सेनेका फॉल्सची परिषद उभी राहिली ती या ओळखीतून.

आता मताधिकार. मॉट यांचा विरोध नव्हता, संकोच होता. स्टँटन यांनी मताधिकाराचा ठराव मांडायचे ठरवले तेव्हा, यामुळे आपले हसे होईल, असे मॉट म्हणाल्या. अनेक क्वेकर तत्त्वतः राजकारणापासून दूर राहत, कारण शस्त्रबळावर चालणाऱ्या सरकारात वाटा घेणे त्यांना पटत नसे. त्या संस्कारात वाढलेल्या बाईला मतपेटी हे प्रगतीचे साधन वाटू नये, यात नवल नाही. गुलामगिरीतून निसटलेले वक्ते फ्रेडरिक डग्लस यांनी ठरावाची बाजू उचलून धरली आणि तो थोडक्यात मंजूर झाला. जाहीरनाम्यावर ६८ स्त्रिया आणि ३२ पुरुषांच्या सह्या आहेत, आणि त्यांत पहिली सही ल्युक्रेशिया मॉट यांची आहे. १८६६ साली सर्वांना वर्ण व लिंगनिरपेक्ष मताधिकार मिळावा म्हणून संघटना निघाली, तेव्हा तिच्या पहिल्या अध्यक्षाही त्याच होत्या. अमेरिकेत १९२० मध्ये संविधानदुरुस्तीने स्त्रियांना मत मिळाले तेव्हा त्यांना जाऊन चाळीस वर्षे लोटली होती. ठाणे ज्या मुंबई प्रांतात होते, तेथे मर्यादित स्वरूपात का होईना, तो हक्क १९२१ मध्ये आला.

प्रश्न : माझे माहेर कल्याणचे. आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर एक मजकूर फिरतो आहे की कल्याणच्या आनंदीबाई जोशी यांना ल्युक्रेशिया मॉट यांनीच अमेरिकेला बोलावून घेतले, स्वतःच्या महाविद्यालयात प्रवेश दिला आणि फीही भरली. अभिमान वाटला, पण खात्री करून घ्यावी म्हणून लिहिते. (कोपरी, ठाणे पूर्व)

उत्तर : खात्री करून घेतलीत, हे उत्तम केलेत. मजकूर चुकीचा आहे. मॉट यांचे निधन ११ नोव्हेंबर १८८० रोजी झाले आणि आनंदीबाई अमेरिकेत पोचल्या त्या जून १८८३ मध्ये. त्यांना घरी ठेवून घेतले ते न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडोशिया कारपेंटर यांनी, आणि प्रवेश दिला तो फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रमुख रेचल बॉडली यांनी. या दोघींचे श्रेय तिसऱ्या नावावर जमा करणे बरे नव्हे.

मात्र ते महाविद्यालय कोठून आले, हे पाहिले की मॉट यांच्या वर्तुळाशी त्याचे नाते दिसते. १८५० साली, म्हणजे त्यांच्या त्या व्याख्यानानंतर काही महिन्यांतच, गुलामगिरीविरोधी चळवळीत वावरणाऱ्या फिलाडेल्फियातील क्वेकर मंडळींच्या पुढाकाराने ते निघाले. पहिल्याच तुकडीत ॲन प्रेस्टन ही क्वेकर शेतकरी कुटुंबातील स्त्री होती. स्त्री विद्यार्थ्यांना शहरातील रुग्णालये दारात उभे करत नसत, म्हणून तिने खटपट करून १८६१ मध्ये स्त्रियांचे स्वतंत्र रुग्णालय उभे करवले, आणि १८६६ मध्ये ती महाविद्यालयाची पहिली स्त्री प्रमुख झाली. तिच्या विद्यार्थिनी १८६९ साली एका मोठ्या रुग्णालयातील व्याख्यानाला गेल्या तेव्हा पुरुष विद्यार्थ्यांनी हुर्यो करून त्यांची वाट अडवली. आनंदीबाई ज्या वर्गांत बसल्या, ते असे मिळवलेले होते. त्यांच्यासमवेत जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली शिकत होत्या. तिघींचे आपापल्या देशांच्या पोशाखातील १८८५ सालचे छायाचित्र बहुतेक वाचकांनी पाहिले असेल.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाई डॉक्टर झाल्या. पुढच्याच वर्षी २६ फेब्रुवारीला, वयाची बावीस वर्षेही पुरी होण्याआधी, पुण्यात त्यांचे निधन झाले. गोपाळरावांनी त्यांच्या अस्थी कारपेंटरबाईंकडे पाठवल्या आणि त्या न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथील दफनभूमीत, कारपेंटर कुटुंबाच्या जागेत, नावाच्या शिळेखाली ठेवण्यात आल्या. आपल्या गटावर काही पाठवायचेच असेल, तर हे पाठवावे : पोकीप्सी हे डचेस काउंटीचे मुख्य ठिकाण आहे, आणि ज्या शाळेत ल्युक्रेशिया कॉफिन या मुलीने फीचा आणि पगाराचा हिशेब पहिल्यांदा मांडला, ती नाइन पार्टनर्सची शाळा त्याच काउंटीत होती.